पाहुण्याला आग्रह

"अजून अर्धी भाकरी घे, लाजतोस काय?" म्हणत आईनं दिग्विजयच्या ताटात परत मटणाचा रस्सा ओतला. दिग्विजय मिरजेचा. आमच्या गावच्या मातीतल्या मोटारसायकल रेसला आलेला आणि आमच्याच घरी उतरलेला. फायनलला मला भिडणारा तोच एक होता.

तासाभरानं गाड्या लागल्या, तर हा हेल्मेट काढून बांधावर ओकत बसलेला.

"आईनंच पोरासाठी रेस मारली हो!" स्पीकरवरनं कॉमेंट्री करणारा बापू ओरडला आणि सगळं मैदान खिदळलं. माझं डोकंच फिरलं. शाळा सोडली तसं गाव मला वाया गेलेला म्हणतंय. मला जिंकून दाखवायचंच होतं, पण असं नाही. मी जाऊन बापूच्या हातातला माईक हिसकावला. "पाहुणा आमच्या घरी जेवून पडलाय. फायनल ऊन उतरल्यावर घ्या, नाहीतर मी पण गाडी काढत नाही!"

घेतली त्यांनी. दिग्विजयनं शेवटच्या वळणावर मला आतनं कापलं आणि तोच जिंकला. मी तोंड फिरवून गाडी ढकलत निघालो, तर तो धुळीनं भरलेल्या तोंडानं मागं पळत आला, कानाला फोन लावून.

"पुढच्या महिन्यात आमच्याकडं रेस आहे. तू माझ्याच घरी उतरायचं. बोल, माझी आई फोनवर आहे."

मी काही बोलायच्या आत, रेस बघायला आलेल्या आमच्या आईनं फोन ओढला. "ताई, माझं पोरगं येतंय हं तुमच्याकडं. पण त्याला रेस झाल्यावरच वाढा!"