वैजनाथशेठची यादी

“दहा हजार इमेल पत्ते तयार मिळतात, आबा. नगरला आमच्या ऑफिसशेजारीच एक जण विकतो,” सुकन्या म्हणाली. “घेतले की झालं काम.”

“कुणाचे पत्ते?” वैजनाथशेठनी विचारलं.

“कुणाचेही.”

“मग येतीलही कुणीही. मला माझी माणसं पाहिजेत.”

सुकन्यानं कपाळाला हात लावला. नेवाशाच्या पेठेतलं बापाचं भांड्यांचं दुकान तीन वर्षं नुसतं उघडत होतं आणि मिटत होतं. गाळ्यावर एक मोबाईलवाला डोळा ठेवून बसला होता. शेवटी बापलेकीत ठरलं. यादी शेठनी स्वतः करायची आणि दिवाळीआधीच्या रविवारी सगळ्यांना दुकानी बोलवायचं. शंभर माणसं आली, तर दुकान राहील. नाही आली, तर सोमवारी शेठनी मुकाट्यानं गाळ्याच्या कागदावर सही करायची.

शंभर माणसांचं काय घेऊन बसलात, एके काळी लग्नसराईत तेवढी तर नुसती नाव टाकायला ताटकळायची. हंडा घ्या, परात घ्या, तांब्या घ्या, त्यावर शेठ छिन्नीनं टकटक करत देणाऱ्याचं, घेणारीचं, गावाचं नाव उठवणार. चूक नको म्हणून आधी वहीत लिहून घेणार. अशा एकवीस वह्या माळ्यावर पडून होत्या. त्या दहा हजारवाल्याकडं डोंबलाचं असलं घबाड असणार?

शेठनी वह्या झटकल्या आणि एसटीनं गावं पालथी घालायला सुरुवात केली.

एका वस्तीवर कडूबाई भेटली. शेठना बघून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आतून पितळी तांब्या भरून आणला. ‘कडूबाईस मामाकडून’. चिंचेनं घासून घासून अक्षरं बुजत आली होती.

“मामा गेला, पर नाव हाय,” ती म्हणाली. “तुमच्या हातचं हाय, शेठ.”

शेठनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. ते तेवीस-चोवीस वर्षांचे होते तेव्हा, आणि ही कडूबाई मामाच्या मागं उभी राहून नाव कसं उमटतं ते बघत होती. दिवस कसे गेले कळलंच नाही.

“तुमचा इमेल द्या,” ते म्हणाले.

“आता ते काय असतंय? नातवाचा घ्या. पुन्यात असतोय त्यो. काय आलं तर फोनवर सांगंल मला.”

सगळीकडं हीच तऱ्हा. वहीतली नावं म्हाताऱ्यांची, पत्ते मात्र नातवंडांचे, ज्यांनी शेठना जन्मात पाहिलं नव्हतं. पण दिवसभर फिरावं, कुणाच्या ओसरीवर चहा घ्यावा, कुणाच्या मांडणीवरची आपली अक्षरं वाचावीत, यात शेठ पाच वर्षांनी तरणे झाले. महिन्याभरात तीनशे बारा पत्ते जमले.

पत्र धाडायचं काम समोरच्या झेरॉक्सवाल्या अजिनाथकडं दिलं. लग्नपत्रिका असो नाहीतर चौकातला फलक, सगळं तोच करायचा.

“तयार नमुने हायेत, शेठ. रंगीत टाकू?”

“रंगबिंग नको. आपलं दुकान म्हणजे काय तमाशाचा तंबू हाय? साधं काळं-पांढरं कर.”

वर शेठचा टोपीतला फोटो लागला. खालचा मजकूर शेठनी सांगितला. स्वतःच ‘मी, मी’ करणं त्यांच्या जिवावर आलं, म्हणून घरच्यांच्या नावानं लिहिला: ‘आपल्या घरातल्या भांड्यांवर वैजनाथशेठ यांच्या हातची नावं आहेत. पंचेचाळीस वर्षांचा हा ऋणानुबंध. रविवारी सकाळी दहा वाजता नेवाशाच्या दुकानापाशी सर्वांनी एकत्र यावे, ही विनंती. – समस्त परिवार.’ खाली दुकानाचा नंबर. शुक्रवारी संध्याकाळी अजिनाथनं बटण दाबलं.

शनिवारी एकच फोन आला.

“रविवारचं नक्की ना? मी कारभारी बोलतोय, शेवगावकडचा.”

पाच लेकींच्या लग्नाची भांडी नेणारा कारभारी! शेठ हरखले. “नक्की,” एवढंच म्हणाले.

“घरचंच कुनी बोलतंय नव्हं?”

“घरचाच की.”

“येतो आमी. समदी भावकी घिऊन येतो.” कारभारीचा आवाज भरून आला होता. शेठचेही डोळे ओलावले.

रविवारी शेठ दाढी करायला गेले आणि दिवाळीच्या गर्दीत तिथंच अडकले. पेठेच्या कोपऱ्यावर आले तेव्हा सव्वादहा झाले होते. किल्ली खिशात, शटर बंद, आणि शटरपुढं माणूसच माणूस. पांढऱ्या टोप्या, डोक्यावर पदर घेतलेल्या बाया. पायरीवर कडूबाई बसलेली. रेटारेटी नाही, कलकल नाही. जुनी माणसं, रीत सांभाळणारी.

शेठनी तिथूनच फोन लावला. सुकन्या एसटीत होती.

“पोरी, शंभर न्हाई. दोनशेच्या वर हायेत.”

“आबा,” म्हणत ती रडायलाच लागली. “राहिलं आपलं दुकान.”

शेठ पुढं सरकले, तर कारभारी पायरीवर चढून बोलत होता. आपलंच कौतुक चाललेलं असताना मधे कसं घुसायचं? ते एका टेम्पोच्या आडोशाला, सगळ्यांच्या मागं उभे राहिले.

“थोरलीच्या हंड्यावर गावाचं नाव चुकलं,” कारभारी सांगत होता, “तर शेठ लग्नादिवशी दुसरा हंडा सायकलला बांधून मांडवात हजर. एक शबूद बोलावा लागला न्हाई. माझ्या पाची लेकी त्या हंड्यांनी पानी भरत्यात. असा मानूस पुन्हा मिळायचा न्हाई.”

बायांनी पदर डोळ्यांना लावले. टेम्पोमागं शेठही उपरण्यात तोंड घालून हमसून रडत होते. पंचेचाळीस वर्षं टकटक केली त्याचं सोनं झालं, असं त्यांना वाटलं.

कारभारीनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

“आता समद्यांनी दोन मिनिटं शांत हुभं ऱ्हाऊन वैजनाथशेठना श्रद्धांजली वाहू, आन मग दहाव्याला परवरा नदीच्या घाटावर निघू.”