रिकाम्या घरातली खुर्ची

"खाट भिंतीले लावा, बळीरामभाऊ. अजून थोडी. हां, आता पाहा खोली केवढी दिसते."

बळीराम दलालानं पाहिलं. सकाळी रिकामी होती तेव्हा हीच खोली खुराड्याएवढी वाटत होती. आता खाट मावली, पेटी मावली आणि मधून माणूस आरामात गेला असता.

"सामान टाकून खोली मोठी कशी झाली, वहिनी? मले तं उलटं वाटलं असतं."

"रिकाम्या खोलीत नजर कुठं टेकतच नाही," कौसल्या म्हणाली. "खाट दिसली की माणूस मनातल्या मनात आडवा होते."

महाल भागातल्या गल्लीतलं हे दोन खोल्यांचं घर अंजनाबाईचं. ती मुलाकडं भंडाऱ्याला राहायला गेली आणि किल्ली कौसल्येकडं ठेवून गेली. घर विकायचं, पण चूल पेटती राहील अशा माणसाला, एवढंच तिनं बजावलं होतं. उन्हाळा गेला, पोळा गेला, घर काही खपेना. उद्या गांधीबागेतला एक कापडवाला येणार होता. त्याला इथं गोदाम करायचं होतं. नुसत्या विचारानंच कौसल्येला रडू यायचं. म्हणून आजच्या आज हे घर एका संसाराच्या गळ्यात घालायचंच, असा तिनं विडा उचलला होता.

गिऱ्हाईक एकच उरलं होतं आणि ते भलतंच तिरकं. मागे एकदा रिकामं घर पाहून गेलं होतं. आवाज घुमतो, खाट बसणार नाही, त्यापेक्षा भाड्याचं बरं, छत गळलं तर मालक पाहतो, असं म्हणून चपला घालून चालतं झालं होतं.

"तसल्याले पुन्हा काहून बोलावून राहिले तुम्ही?" बळीरामनं विचारलं.

"मले तेच पाहिजे," कौसल्या हसून म्हणाली.

सकाळपासून तिनं आपल्या घरून हातगाडी भरभरून सामान आणलं होतं. मांडणी, पितळी भांडी, पडदे, रेडिओ, सुराही.

"तुमच्या घरी काही उरलं का?"

"एक पाल हाय. ते यायले तयार नव्हती."

सगळ्यात शेवटी आरामखुर्ची आली. तिचा एक पाय आखूड, टेकलं की डुगडुगायची. कौसल्येनं ती इथं ठेवून पाहिली, तिथं ठेवून पाहिली. खिडकीजवळ एक फरशी जराशी वर आली होती.

"हे दिसलं तं गिऱ्हाईक खोड काढीन. ठोकून बसवू का?"

"हात लावू नका." तिनं खुर्चीचा आखूड पाय नेमका त्या फरशीवर टेकवला आणि समाधानानं हात झटकले.

मग तिनं चूल पेटवली. "मी गोळाभात टाकते. तुम्ही स्टेशनवर जा. गाडीतून उतरलं की थेट इथं आणा. मधात कुठं थांबू देऊ नका."

संध्याकाळी गिऱ्हाईक आलं ते दारातच थबकलं. घरभर नजर फिरवली, कौसल्येकडं पाहिलं. आतल्या खोलीत जाऊन टाळी वाजवून पाहिली, आवाज घुमला नाही. सुराहीतलं पाणी प्यालं आणि खिडकीशी, वाऱ्याकडं तोंड करून, खुर्चीत बसलं. कौसल्येचा जीव टांगणीला लागला होता. पदराचं टोक पिळून पिळून तिनं पार चुरगळून टाकलं.

गोळाभाताचं ताट आलं. गिऱ्हाईकानं वरून फोडणीचं तेल मागून घेतलं, भात पुन्हा मागून घेतला. हात धुऊन ते परत खुर्चीत टेकलं आणि जरा मागंपुढं रेलून पाहिलं.

"बळीराम, त्या कापडवाल्याले सांगून दे, घर गेलं म्हणून."

कौसल्येला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही आवरेना. गिऱ्हाईक तिच्याकडं वळलं.

"अन् तू एक सांग वं. आपल्या घरी लग्नापासून डुगडुगणारी ही माझी खुर्ची इथं काहून हालत नाही?"