घरटी एक माणूस

“घरटी एकच माणूस सांगजा,” सत्यभामाबाईंनी नवऱ्याला तिसऱ्यांदा बजावलं. “जीभ घसरून चूलबंद म्हणसान तर रोडगे तुम्हीच थापजा.”

चूलबंद आवतन म्हणजे घरच्या लेकराबाळांसकट, आल्यागेल्या पाहुण्यासकट सगळे जेवायला; त्या दिवशी त्या घरात चूलच पेटायची नाही. अर्जुनरावांचा हात मोठा आणि जीभ त्याहून मोठी, म्हणून हा पहारा. पोरगी योगिनी बी.एस्सी. झाली होती. वडनेर भोलजीच्या त्या गल्लीतली पहिलीच. जेवण तर घालायचं होतं, पण घरात होतं तेवढ्यातच. गहू घरचा, तूरडाळ घरची, वांगी मळ्यातली, भाजायला गोवऱ्या गोठ्यातल्या. गल्लीत घरं चाळीस. माणसं चाळीस, वर दहा धरली. सत्यभामाबाईंनी कणकेचे जाडजूड रोडगे मोजून थापले आणि मोजून विस्तवात घातले.

अर्जुनराव शहाण्यासारखे घरोघर जाऊन ‘एक माणूस’ सांगून आले. देवाची शपथ, एका दारातही जीभ घसरली नाही.

दुपारी बाराला पहिला आला शेजारचा भागवत. “घरून मी एकलाच हाये, वहिनी,” असं आल्याआल्या सांगून पत्रावळीवर बसला. त्याचा पहिला रोडगा फुटतो न फुटतो तोच त्याची बायको बेबीताई मागच्या दारानं आत आली. “आमच्या घरून मीच आहो, बाई. त्याईले वावरात धाडलं.” भागवतनं शेजारची रिकामी पत्रावळ उचलून तोंडापुढे धरली. तेवढ्यात काठी टेकत त्याची आई आली, रुक्मिणीबाई. “ते दोघं घरी हायेत,” म्हणाली. “घरटी एक म्हणे, म्हणून मी आली.”

मग तर दाराला उसंत नाही. जो येई तो घरचा एकटाच. बाप पुढच्या दारानं एकटा, लेक मागच्या दारानं एकटा, सून कुंपणाच्या फटीतून एकटी. एक जावई तर सासऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसला, आणि दोघांनी एकमेकांना ओळख दाखवली नाही. पंगत ओट्यावरून अंगणात उतरली, अंगणातून गोठ्यात शिरली. म्हशीनं आपणहून सरकून चार माणसांची जागा करून दिली. खोटं वाटत असेल तर म्हैस अजून आहे, विचारून या.

सत्यभामाबाईंनी टोपल्यात हात घातला तो बुडाला लागला. बाहेर दुसरी पंगत मांडी घालून तयार. लेकीच्या नावानं घातलेलं पहिलंच जेवण, आणि त्यातून कोणी उपाशी उठलं तर गल्लीत तोंड वर करून चालायची सोय राहणार नव्हती. त्यांना वाटलं, ही सगळी आपली फजिती पाहायलाच आली आहेत. अर्जुनराव दारात उभे राहून नुसते पंच्यानं घाम पुसत होते.

“मी एकच म्हणलं होतं वो,” ते हळूच म्हणाले. “चूलबंद नाही म्हणलं मी.”

सत्यभामाबाई थबकल्या. नवऱ्याकडे पाहिलं. मग पदर खोचून अंगणाच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या.

“बेबीताई, आज तुह्या घरी सैपाक झाला का नाही?”

“झाला ना. आवतन एकाचंच होतं, मंग बाकीच्याईसाठी भाकरी टाकल्या, पिठलं केलं.”

“मंग ते कोण खाऊन राह्यलं?”

बेबीताईनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं आईकडे पाहिलं. अंगणभर असंच एकमेकांकडे पाहणं सुरू झालं. चाळीस घरांत चाळीस स्वयंपाक झाकून पडले होते, आणि जेवायला घरात मांजराशिवाय कोणी नव्हतं.

पुढची पाच मिनिटं गल्लीत नुसत्या चपला वाजल्या. भाकऱ्यांच्या चळती आल्या, पिठल्याच्या कढया आल्या, कोणाची मेथी, कोणाचा ठेचा, कोणाचं डब्यात लपवून ठेवलेलं लिंबाचं लोणचं. दुसरी पंगत पहिलीपेक्षा जोरात उठली. तिसऱ्या पंगतीला तर वाढणारेच आग्रह करकरून दमले. मांजरं तेवढी गल्लीभर रुसली.

हातातली कढई खाली ठेवून सत्यभामाबाईंनी विचारलं, “पण मले एक सांगा. एक बोलावला तर सगळेच काऊन आले बे?”

“आता यानं रोज कॉलेजची एसटी हात दाखवून थांबवली,” रुक्मिणीबाईनं काठी भागवतकडे रोखली, “म्हणून हा म्हणे, माणूस म्हणजे मीच. इनं पोरीले धपाटे बांधून देल्ले, म्हणून ही म्हणे, मीच. अन् परीक्षेच्या दिवशी कपाळाले अंगारा कोणं लावला? सकाळपासून भांडण चालू होतं घरात.”

“भौतिकशास्त्राचे व्हिडिओ माह्या नेटवर पाह्यले तिनं,” गोठ्यातून कोणीतरी ओरडलं.

“अन् पावसात छत्री कोणाची होती?” कुंपणाकडून आलं.

मग जो तो सांगायला लागला. अंगणात एवढा गलका झाला की काही ऐकू येईना. योगिनी हसत हसत घरात गेली आणि पदवीचा कागद घेऊन ओट्यावर उभी राहिली.

“पाहू बे, पाहू दे इकडं,” म्हणत पहिल्या हातानं तो घेतला, दुसऱ्यानं ओढला, तिसऱ्यानं डोळ्यांना लावला. कागद पंगतीत शिरला, गोठ्यातून वळला आणि फिरत फिरत सत्यभामाबाईंच्या हातात आला. त्यांनी तो उजेडात धरून नीट पाहिला. सही विद्यापीठाची होती, नाव योगिनीचं होतं, आणि वांग्याच्या तर्रीत बुडालेले अंगठे अख्ख्या गल्लीचे.