यंत्राला न चाललेले पाणी

सौंसरजवळील मँगनीजच्या बंद खाणीत, विश्वातील अदृश्य कृष्णपदार्थाचा शोध घेणारे यंत्र बसविले जात होते. त्या यंत्राला किती क्षीण खूण ओळखता येईल, याचा अंदाज बांधण्याचे कार्य गावचीच कन्या, संशोधिका दामिनी हिच्याकडे होते. यंत्राभोवतीच्या टाकीला निर्मळ पाणी हवे असल्याचे कळताच, संत्र्यांचे बागायतदार रघुनाथराव आपल्या विहिरीचे पाणी टँकर भरून मोठ्या अभिमानाने घेऊन आले.

नमुना तपासताच दामिनीची मुद्रा गंभीर झाली.

"काका, ह्या पान्यात खडकातलं युरेनियम लय उतरलं आहे. याच्या किरणांनी यंत्र आंधळं होऊन जाईन. तुम्हीबी पिऊ नका हे."

"पोरी, माह्या बापानं हेच पानी पेलं, आम्हीबी हेच पिऊन राहिलो! तुह्या यंत्राचं पोट नाजूक असन, आमचं नाही. पाज त्याले बाटलीतलं!"

भोवतालचे मजूर खो-खो हसले. दामिनी पुढे काही सांगू पाहत होती. परंतु दुखावलेल्या रघुनाथरावांनी टँकर बागेकडे पिटाळला. तत्पूर्वी मात्र त्यातून एक कॅन काठोकाठ भरून घेण्यास ते विसरले नाहीत, कारण पांढुर्ण्याहून नागपूरची गाडी त्यांना गाठावयाची होती.



नागपूरच्या इस्पितळात, दोन्ही मूत्रपिंडे निकामी होत चाललेल्या त्यांच्या पत्नी जयवंताबाई, घरच्या विहिरीच्या पाण्यावाचून दुसऱ्या पाण्याचा घोटही घेत नव्हत्या.