एकच पेला

चर्चमध्ये प्रभुभोजनाची वेळ झाली आणि पाळकसाहेबांनी मेजावरचं पांढरं फडकं उचललं. खाली चांदीचा जुना पेला नव्हता. ट्रेमध्ये प्लॅस्टिकच्या इवल्याशा कपांच्या रांगा होत्या. रूथमावशी बाकावर पुढे सरकून पाहू लागल्या.

शेजारी कौसाबाई बसली होती. मातंग वस्तीतून या मंडळीत आलेली ती पहिलीच. मागच्या रविवारी तिचा बाप्तिस्मा झाला होता. "आमच्यात सगळे एकाच पेल्यातून पितात," असं मावशींनी सांगितलं, म्हणूनच ती देवळात यायला लागली होती.

ट्रे जवळ आला तशी मावशींनी तो फिरवणाऱ्या खजिनदाराची बाही धरली. "हे काय नवीन?"

"जंतू असतात, मावशी. हल्ली सगळीकडे असंच करतात."

"मागच्या महिन्यात नव्हते का जंतू?"

त्यानं बाही सोडवून घेतली. पाळकसाहेब बायबलातून डोकं वर काढेनात.

कौसाबाईनं कप उचलला, त्यातल्या घोटभर द्राक्षरसाकडे पाहत राहिली आणि न पिताच तो बाकावर ठेवला.

"गावच्या हॉटेलात आमचाच कप तेवढा वेगळा असायचा, मावशी," ती हळूच म्हणाली. "इथं माझ्यापायी सगळ्यांचेच वेगळे करावे लागले."