मारकुटा नवरा

या माउलींनो, अंमळ जवळ सरका. एका बदनाम बापाची गोष्ट सांगते.

दोन वर्षं खेटे घातल्यावर त्याच्या लेकीला विशेष मुलांच्या वर्गात जागा मिळाली. आठवड्यातच तिला सोडायला आलेल्या आईचा डोळा काळानिळा, ओठ फाटलेला, केसांचा पुंजका उपटलेला. वर्गाच्या बाईंनी बापाला बोलावून सगळ्या पालकांसमोर सोलून काढलं.

"बायकोवर हात उचलतोस? लाज नाही वाटत?"

एका आजोबांनी तर अशी थोबाडीत दिली की तोंडातून रक्त आलं. ते गिळून तो म्हणाला, "चुकलं, बाई."

फाटकाबाहेर बायको रडायलाच लागली. "अहो, का कबूल केलंत?"


"मारकुट्या नवऱ्याला शिव्या घालून सोडतात गं. मारकुट्या पोरीला वर्गातून काढतात."

देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या बापालाही आठवा.