सीदोनकरांचं गलबत

“आई, इथे वास येतो,” बतनोम म्हणाली.

“येऊ दे. वास आहे म्हणूनच इथे कुणी फिरकणार नाही. बस खाली. आणखी खाली.”

रंगाचा रिकामा हौद कंबरभर खोल होता. सात वर्षांची पोर गुडघे पोटाशी घेऊन त्यात मावली. अरिशतने तिच्या हातात पाण्याचं मडकं आणि मूठभर सुकी अंजिरं दिली, वर लाकडी झाकण सरकवलं आणि त्यावर फुटक्या शंखांच्या चार टोपल्या ओतल्या. या शंखांतल्या किड्यांपासून सोर शहराचा जांभळा रंग निघायचा आणि त्या सडक्या किड्यांचा वास रंगारी सोडून कुणालाच सोसायचा नाही.

“मी हाक मारेपर्यंत बाहेर यायचं नाही,” ती झाकणाशी तोंड नेऊन म्हणाली. “दुसऱ्या कुणी मारली तरी ओ द्यायची नाही. माझी शपथ आहे.”

“बाबांनी मारली तरी?”

अरिशतने झाकणावर आणखी शंख ओढले. बाबा तटावर होता, आणि तट सकाळीच पडला होता.

सात महिने सोरने सिकंदराला दार उघडलं नव्हतं. शेजारच्या सीदोनने उघडलं, म्हणून सीदोनकर आपापल्या घरात सुखाने जेवत होते. शरण आलेल्यांशी तो राजा गोड वागतो आणि अडवणाऱ्यांची माती करतो, हे सगळे ऐकून होते. मेल्कार्तच्या देवळात असतील त्यांना अभय, अशी दवंडीही झाली होती म्हणे. पण देवळापर्यंत जायचं कसं? शेजारीण निघाली ती गल्लीच्या कोपऱ्यावरच पडली. अरिशतला तिचा पाय तेवढा दिसला. तिने दार लावून घेतलं.

थोड्याच वेळात ते दार लाथेने उघडलं.

आत आला तो सिकंदराचा मासेदोनी शिपाई नव्हता. दाढीवाला खलाशी होता, कमरेला सुरा, खांद्यावर दोराची वेटोळी.

“घरात कोण कोण आहे?”

भाषा तिचीच, फक्त हेल सीदोनचा. अरिशतच्या अंगाची लाहीलाही झाली. देव एक, बोली एक, लेकी एकमेकांकडे दिलेल्या, आणि हेच लोक आपली गलबतं घेऊन त्या राजाच्या बाजूने बंदरात घुसले होते.

“मी एकटी.”

“पोरंबाळं?”

“होती. तापाने गेली.”

जिवंत लेकराला मेलेलं म्हणताना जीभ जराही अडखळली नाही, याचीच तिला भीती वाटली.

“खरं सांग, बाई. पोरं असली तर बरंच आहे. लहान असली तर दोनसुद्धा चालतील, जागा कमी लागते.”

“मेल्या, आपल्याच बहिणींना धरून न्यायला निघालास. लाज नाही वाटत?”

“वाटते,” तो म्हणाला. “लवकर बोल. कोण आहे आणखी?”

तो मागच्या अंगणात शिरला. वासाने त्याचं नाकसुद्धा मुरडलं नाही. सीदोनमध्येही रंगारी आहेतच. एकेका हौदात डोकावत तो शंखांच्या ढिगापाशी आला आणि पायाने शंख बाजूला सारू लागला. अरिशत धावत जाऊन त्याच्या पुढ्यात उभी राहिली आणि तिने दोन्ही हात पुढे केले.

“बांध मला. ओरडणार नाही, पळणार नाही. तुझ्या घरी दळीन, पाणी भरीन, सांगशील ते करीन. पण चल इथून. आत्ता चल.”

तो तिच्याकडे बघत राहिला. “नक्की कुणी नाही?”

“देवाशपथ नाही.”

गल्लीतून परक्या भाषेतली आरडाओरड जवळ येत होती. त्याने घाईघाईने तिचे हात बांधले आणि तिला बाहेर ओढलं. समोर दोन शिपाई आले, तसा तो तिची वेणी धरून मोठ्याने हसला आणि त्यांच्या भाषेत मोडकंतोडकं काहीतरी म्हणाला. तेही हसले आणि बाजूला झाले. अरिशतने मागे वळून पाहिलं नाही. वळले तर याला कळेल, एवढंच तिच्या मनात होतं.

बंदरात त्याने तिला गलबताच्या पोटात ढकललं. आत अंधारात चाळीसेक बाया आणि पोरं दाटीवाटीने बसली होती. गल्लीतली विणकरीण शफातही होती, तिन्ही पोरांना कवटाळून. बिचारी, अरिशतच्या मनात आलं. हिची तिन्ही सापडली. आत कुठेतरी तिला हायसं वाटत होतं.

वल्ही बराच वेळ चालली. मग वरची फळी उघडली, उजेड आत आला आणि तो खलाशी खाली उतरून एकेकीचे दोर कापू लागला.

“आता रडायचं तर रडा,” तो म्हणाला. “इथून किनाऱ्यावर ऐकू जात नाही. संध्याकाळी सीदोनला पोचू. तिथे तुम्ही कुणाच्या दासी नाही. आमच्या घरात राहायचं, आमच्या बायकांबरोबर. माझी आजी सोरचीच होती.”



“मग हे दोर कशाला?” शफातने विचारलं.

“शिपायांना दाखवायला. तिथेच सांगितलं असतं आणि एखादी आनंदाने माझ्या गळ्यात पडली असती, तर सगळ्यांचेच गळे कापले गेले असते.”

“परत कधी जाणार?” एक म्हातारी म्हणाली. “माझी सून राहिलीय.”

त्याने मान खाली घातली. “ही शेवटची खेप, आजी. दुपारपासून घरं पेटवायचा हुकूम आहे. रंगाऱ्यांच्या गल्लीपासून सुरुवात करणार म्हणत होते. त्यांना तो वास सहन होत नाही.”

बाया रडू लागल्या. काही जणी त्याच्या पाया पडल्या. शफातने डोळे पुसले, पोरांना मोजलं आणि अंधारात इकडेतिकडे पाहिलं.

“अगं अरिशत, तुझी बती कुठाय?”

“लपवलीय,” अरिशत म्हणाली. “कुणाला सापडायची नाही.”